वैशाखातलं बेट

आष्ट्याजवळ कृष्णेच्या पात्रात आमच्या घरचं एक बेट होतं. जेमतेम अडीच एकर, बाभळी-करंजांनी गच्च भरलेलं. म्हशी तिथं चरायच्या, वर्षाचं जळण तिथलंच, आणि कुळवाला लाकूड लागलं की वडील कुऱ्हाड घेऊन तिकडंच निघायचे. पण एवढं साधं सांगेन तर मी कसला! सत्तरच्या दशकातली गोष्ट. विश्रामबागेत कॉलेजला असताना मी खोलीतल्या मित्राला सांगितलं, "गड्या, आमचं सोताचं बेट हाय. चारी बाजूंनी पाणी, आत जंगल." जंगलात चार मोरही सोडून दिले. आपल्या खिशातलं काय जात होतं?

मित्र कोरेगावचा. त्यानं हे सगळं घरी सांगितलं आणि बहिणीचं स्थळच आणलं. मी मुलगी बघून आलो. पोहे देताना ती एकदाच हसली आणि माझी झोप उडाली. हे लग्न मोडलं तर आपलं काही खरं नाही, असं मला मनापासून वाटायला लागलं.

तिचे वडील फौजेतून परतलेले सुभेदार. जमीन बघायला आले ते नेमके ऐन वैशाखात. मी ऐटीत त्यांना नदीवर नेलं. चालत चालत बाभळीत शिरलो, तसे ते थांबले.

"बेट कुठाय?"

"आवं, आपण बेटावरच हाय."

त्यांनी मागं पाहिलं. काठापासून इथवर आमच्या वहाणांचे ठसे कोरड्या वाळूत उमटले होते.

"आन् पाणी?"

"उन्हाळ्यात ह्या अंगाला आटतंय."

"पावसाळ्यात?"

"तवा बेटच बुडतंय. दिवाळी ते शिमगा मातुर लय झ्याक दिसतंय!"

"मोर?"

"ते नुसतं बोलायला हुतं."

"बरं, दिवाळीत पवत येता व्हय हितं?"

आता काय कपाळ सांगणार! "पवायला येत न्हाई. म्हशीचं शेपूट धरून येतो."

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. "म्हंजे बेट न्हाई, मोर न्हाई, पवणं न्हाई. मग हाय तरी काय तुमच्याकडं?"

गेलं स्थळ, म्हटलं. आणि कुणास ठाऊक कसा, मी त्यांच्यावरच भडकलो.

"मी हाय की! आन् तुमची पोरगी मला लय आवडलीया!"

होणाऱ्या सासऱ्याला असलं तोंडावर कोण सांगतं? मी जीभ चावली. सुभेदारांनी टोपी काढून घाम पुसला.

"आरं, मग हे घरातच सांगायचं. एवढ्या उनात कशाला तंगडतोड करायला लावलीस? चल, तोंड गोड करू."