गंधकाचं रबर

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, विसराळू नव्हते. शेजाऱ्याला सायकल देतो म्हणाले, तर सकाळी स्वतः नेऊन त्याच्या दारात उभी करायचे. म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग एवढी वर्षं टिकला. विसराळू माणसावर कोण कशाला इतका राग धरेल.

आम्ही एरंडोलला राहायचो. नाना जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. मी अकरावीला होते. तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच असायची. जळगावला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या शास्त्राच्या बाईंनी माझा प्रयोग निवडला होता. विषय गंधक. मारवाड्याच्या दुकानात गंधक मागितला तेव्हा शेठजींनी विचारलं, "फटाके करायचे का बेटा?" मी म्हटलं, नाही, रबर करायचंय. पुडी बांधता बांधता त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

पण खरंच रबर व्हायचं. पिवळा, ठिसूळ गंधक परीक्षानळीत घालून मंद आचेवर धरला की आधी मधासारखा पातळ होतो. तसाच सावकाश निवू दिला आणि वरची साय फोडली, तर आत लांब लांब सुया दिसतात. निवू न देता तापवतच गेलं तर तो काळपट लाल आणि इतका घट्ट होतो की नळी उलटी केली तरी पडत नाही. मग पुन्हा पातळ होऊन उकळायला लागतो. तेवढ्यात गार पाण्यात त्याची धार सोडायची. पाण्यातून हातात येतं ते तपकिरी, मऊ रबर. ओढलं की ताणतं, सोडलं की आखडतं. त्यात दुसरं काही म्हणता काही मिसळलेलं नसतं. सगळा गंधकच, फक्त अणूंची एकमेकांना धरून बसण्याची तऱ्हा वेगळी. हे डोक्यात शिरलं त्या दिवशी मी ठरवलं, आपण पुढे हेच शिकायचं.

पुढे शिकायचं तर जळगावला जावं लागणार होतं. प्रदर्शनाच्या दिवशी नाना माझ्याबरोबर एसटीनं आले. मी टेबलावर स्पिरिटचा दिवा मांडत होते, तेव्हा ते बाईंसमोर म्हणाले, "पहिला नंबर आण. इथल्या कॉलेजात नाव घालतो. मावशीकडे राहा." बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी दिवा पेटवला. पहिला नंबर आला.

परत येताना प्रशस्तिपत्र नानांनी मला धरू दिलं नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवलं. रबराचा एक तुकडाही त्यांनी मागून घेतला आणि तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवला. मी त्यांना वाटेत, पाळधीच्या आसपास सांगितलं होतं, की नाना, हे टिकत नाही, थोड्या दिवसांनी पुन्हा होतं तसं होतं. ते "हो, हो" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मग आमच्या घरी रोज कोणी ना कोणी यायला लागलं. नाना डबी उघडायचे, तुकडा ताणून दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या पोरीनं केलंय." मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. त्यामुळे एका रविवारी आईनं तिचं चांगलं लुगडं मला नेसायला लावलं आणि शिंदखेड्याचे पाहुणे येणार म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं, तेही रबरच बघायला येताहेत. मी पोह्यांच्या बशा घेऊन हसत बाहेर गेले.

नानांनी डबी उघडली. तुकडा फिकट झाला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणायला घेतला आणि तो तुटला. पुन्हा दाबून बघितला, तर त्यांच्या तळहातावर पिवळा भुगा झाला. नाना गोंधळले. म्हणाले, "अगं, सांग यांना, हे असं का झालं?"

मी सांगितलं. चांगलं खुलवून सांगितलं. तापवून एकदम गार केलं म्हणून त्यानं ते रूप घेतलं होतं, तसाच ठेवला की गंधक मूळ रूपावर जातो, त्याला हेच रूप सोयीचं. सगळे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ नानांना म्हणाले, "पोर हुशार शे. आमले अशीच पोर पाहिजे व्हती."

तेव्हा कुठे मला कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला मुलगा दिसला. त्याच्या आईच्या पिशवीतला नारळ दिसला.

"नाना, कॉलेजचं काय?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

नाना हसले. "फार थट्टेखोर आहे," ते म्हणाले. पाहुणेही हसले.

ते गेल्यावर मी नानांना म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता. बाईंसमोर."

"दिला होता. विसरलो का मी?" ते शांतपणे म्हणाले. "पण असं स्थळ पुन्हा येत नाही. आणि तुझा नंबर आला म्हणून तर त्यांनी आपल्याकडे विचारणा केली."

म्हणजे मी इतक्या दिवसांत जे केलं, ते याच्यासाठी केलं होतं. मला फसवलं होतं, आणि फसवणारा माणूस माझ्यावर खूश होता. मी खाली सांडलेला भुगा केरसुणीनं गोळा करायला लागले, तर आई म्हणाली, "फेकू नको. गंधक शे, खरूजले लागस." तिनं तो उचलून डबीत भरला.

लग्न एरंडोललाच झालं. रुखवत मांडलं होतं. विणलेले रुमाल, मोत्यांचा गणपती, बुंदीचे लाडू, आणि मधोमध काचेच्या फ्रेममध्ये माझं प्रशस्तिपत्र. नानांनी ती फ्रेम मुद्दाम जळगावहून करून आणली होती. वऱ्हाडातल्या बायका ओळीनं बघत जात होत्या, ज्यांना वाचता येत होतं त्या बाकीच्यांना वाचून दाखवत होत्या. मी उठले, फ्रेम उचलली आणि नानांच्या हातात दिली.

"हे कॉलेजात दाखवायचं होतं," मी म्हटलं.

नानांनी फ्रेमकडे बघितलं. काचेवर माझी बोटं उमटली होती. त्यांनी उपरण्याच्या टोकानं ती पुसली आणि फ्रेम पुन्हा लाडवांशेजारी ठेवली, आधीपेक्षा जरा सरळ.