नाव खोडा

आमची शेजारीण बोलता बोलता धानाचा दाणा दाताखाली फोडते आणि त्यात ओल किती ते सांगते. तिची राइस मिल आहे. आता ती पंचायत समितीवरही निवडून आली आहे.

सरकारी धान भरडाईला कोणत्या मिलना द्यायचं, याच्या बैठकीत मी टिपण घेत होतो. तिच्या मिलचं नाव वाचलं गेलं तशी ती ताडकन उठली.

“माह्या मिलचं नाव खोडा.”

सभापती हसले. “बाई, कायदा कुठं अडवून राहिला?”

“तो अडवत नाही, म्हणून मलेच अडवा लागते. देणारी बी मी अन् घेणारी बी मीच, हे जमत नाही.”

नाव खोडलं. मला वाटलं, आता बसेल. तिनं एक दाणा फोडला आणि उभ्याउभ्याच सभापतींना म्हणाली, “आता तुमच्या मिलचं बोला, भाऊ.”