एका वितीवरचा ध्रुव

मुरुडच्या व्यंकटी फोटोवाल्याला ओळखत नाही असं लग्नघर आसपासच्या गावांत सापडायचं नाही. पोट जरा सुटलेलं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि भटजींपेक्षा जास्त हुकूम सोडणारा माणूस मांडवात दिसला की समजावं, हाच तो. नवरदेवाची मान वर करायची, रुसलेल्या व्याह्याला हाताला धरून फोटोत आणायचं, ही कामं तो फुकटात करतो. गडी मोठा गोड. पण त्याच्या स्वतःच्या घरात एक गाठ बसली होती आणि ती काही केल्या सुटत नव्हती. बसली होती तीही त्याच्याच लग्नात.

आपल्याकडं लग्नात नवरानवरीला ध्रुव दाखवतात. तो जागचा हलत नाही, तसा तुमचा संसार अढळ राहो म्हणून. आता लग्नं लागतात भर दुपारी, तीही मांडवात. मग भटजी वर मांडवाच्या कापडाकडं बोट करतात, "ध्रुव बघा, दिसला म्हणा," आणि दोघंही बिनदिक्कत "दिसला" म्हणून मोकळी होतात. व्यंकटीही झाला होता. उज्वलानं मात्र मान वर करून नीट बघितलं आणि इमानदारीत सांगितलं, "न्हाई दिसला." भटजींनी परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं. सगळा मांडव हसला. फक्त व्यंकटीची आई, कावेरीबाई, हसली नाही.

सासू वाईट नव्हती हो. सुनेच्या बाळंतपणात स्वतः डिंकाचे लाडू वळून तिच्या तोंडात घालणारी बाई ती. पण कुणाची ओटी भरायची असो की बाळाला पाळण्यात घालायचं असो, तेवढ्यापुरतं तिचं ठरलेलं, "तू राहू दे गं. तू ध्रुव न बघितलेली." उज्वला हसण्यावारी न्यायची. मग लेकीचं, आरतीचं लग्न ठरलं आणि कावेरीबाईनं सांगून टाकलं, "पहिली हळद उदगीरची मावशी लावंल."

त्या संध्याकाळी उज्वला भाकरी थापता थापता थांबली. "इतके दिवस मला काय बी वाटलं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली, "पण माझी लेक हाय ती. मी काय तिचं वाईट चिंतते का?"

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर व्यंकटीनं बायकोला गाडीवर बसवलं, गावाबाहेर आपल्या मित्राच्या, भुजंगाच्या शेतात नेलं आणि खराखुरा ध्रुव दाखवला. उज्वला म्हणाली, "दिसला." दोघं हसत घरी आली. वाटलं, मिटलं. पण कावेरीबाई ती कावेरीबाई. "आभाळात काय कमी तारे हायत? दाखवला आसशील कंचा बी. त्योच ध्रुव कशावरून?"

आता आली का पंचाईत! पण बोलणं खोटं नव्हतं, सगळे तारे दिसतात सारखेच. व्यंकटी विचार करून करून बेजार झाला आणि मग त्याला आपला धंदा आठवला. कॅमेरा उत्तरेकडं तोंड करून स्टँडवर पक्का बसवायचा आणि जागचा न हलवता तासन्‌तास फोटोमागं फोटो काढत राहायचं. ते सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक चढवले की जो तो तारा ज्या वाटेनं सरकला ती वाट रेघ होऊन उमटते. हलत नाही तो ध्रुव. तसा तोही केसभर सरकतो म्हणे, पण ते आईला सांगायची काही गरज नव्हती.

आपल्या भागात ध्रुव लई खाली. हात लांब करून वीत धरली तर जमिनीपासून एका वितीवर. भटजी उगीच डोक्यावर बोट दाखवतात. गावात त्या उंचीला गच्च्या आणि खांबांवरचे दिवे, म्हणून व्यंकटी परत भुजंगाच्याच शेतात गेला. तिथं विहिरीवर बल्ब जळत होता. त्याचा उजेड नको म्हणून यानं न विचारता तो काढून ठेवला आणि कॅमेरा लावून बसला. शेताला लाईट रात्रीचीच येते, त्यामुळं भुजंग त्या वेळी गव्हाला पाणी द्यायला निघालेला. बांधावरून बघतो तर विहिरीवर अंधार. त्याला वाटलं, मोटारीची केबल चोरायला आले. काठी आणि बॅटरी घेऊन पळतच आला, आणि बॅटरीचा झोत थेट कॅमेऱ्यात.

"आरं म्या हाय, व्यंकटी! बॅटरी बंद कर आधी."

"व्यंकट्या? अंधारात काय करून राहिलास?"

"ध्रुवाचा फोटो काढून राहिलो."

भुजंगानं बॅटरी बंद केली. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "घरी समदं बरं हाय न्हवं?"

तो फोटो वाया गेला. पण व्यंकटीनं सगळी हकीकत सांगितली तेव्हा भुजंग म्हणाला, "उद्या ये. मी पाणी परवा देतो." आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विहिरींवरचे बल्बही त्यानं स्वतः फिरून बंद करायला लावले. रात्रभर व्यंकटीशेजारी घोंगडी पांघरून बसला, आणि बिडीशिवाय घटकाभर न राहणारा माणूस, पण काडी पेटवली नाही. असे मित्र मिळायला नशीब लागतं.

व्यंकटीनं फोटो चांगला मोठा करून आईच्या मांडीवर ठेवला. काळ्या आभाळात गोल गोल रेघा आणि मधोमध एक ठिपका. कावेरीबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, ठिपक्यावर बोट ठेवलं. "जात्याच्या मधल्या खिळ्यावाणी हाय की रे."

"हाव माय. समदे फिरतात, त्यो तेवढा बसून हाय. ह्योच दाखवला तिला."

म्हातारीनं फोटो बाजूला ठेवला. मग सुनेला म्हणाली, "उज्वला, मला दाखव."

दिवेलागणीनंतर सगळे रिक्षानं भुजंगाच्या शेतात गेले. उज्वलानं सासूच्या खांद्याला धरलं, तिचा हात लांब केला, वीत धरायला लावली. "त्या बाभळीच्या वर बघा, आत्याबाई." कावेरीबाई बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला. जवळचा फोटो दिसला होता, पण लांबचं सगळं धूसर. व्यंकटीच्या हे आत्ता ध्यानात आलं. एवढं सगळं करून म्हातारी आता म्हणणार, कुठं हाय तुझा ध्रुव?

भुजंगाला राहवलं नाही. "काकू, दिसला म्हणा की."

कावेरीबाईनं अजून एकदा डोळे बारीक केले. "न्हाई दिसत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, सुनेकडं वळून, "न्हाई दिसत गं मला."

कुणी हसलं नाही. उज्वलानं तिचा वर धरलेला हात हळूच खाली घेतला. "मग न्हाईच म्हणायचं, आत्याबाई. त्यात काय एवढं?"

म्हातारीनं सुनेचा हात सोडला नाही. "उदगीरवालीला मी सांगते," ती म्हणाली. "आरतीला पहिली हळद तूच लाव."

इतकी वर्षं उज्वलानं सगळं हसण्यावारी नेलं होतं. ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून तिथंच बांधावर रडली, आणि कावेरीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत, "उगी, उगी," म्हणत राहिली.