वहिनींचा माल पैलतीरी

नवरा गेल्यावर घाऊक मालाचा धंदा वहिनींनी एकटीने ओढला. धाकट्या दिराने वाटणी मागितली तेव्हा नदीपलीकडचं गोदाम त्याला गेलं, अलीकडचं वहिनींकडे राहिलं. साबण, चहा, बाळांच्या दुधाची पावडर वहिनींची. तेल, मीठ, काडेपेट्या दिराच्या. गिऱ्हाइकं मात्र दोघांचीही दोन्ही तीरांवर. वाटणीत एका वजनकाट्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग पुरात पुलाचा खांब खचला आणि गाड्या बंद झाल्या. डोंगरामागून वळसा घातला तर नफा डिझेलच पिऊन टाकायचं. वहिनींच्या गोदामात खोकी छताला टेकली, अन् स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याने तळ गाठला.

पलीकडच्या दुकानदारीणबाईंचा फोन आला. "पावडरीसाठी लेकुरवाळ्या बाया दारात बसून राहतात हो. काय सांगू त्यांना?"

वहिनींनी तो फोन ठेवला आणि दिराला लावला.

"भाऊजी, मी बोलतेय. तुमच्याकडे साबण शिल्लक आहे का?"

पलीकडून आवाज आला, "साबण कुठला वहिनी? फेस तेवढा तोंडाला आलाय."

वहिनींना हसू आवरेना.

नदीच्या वरच्या अंगाला जुना पायी जाण्याचा पूल शाबूत होता. त्यावरून हातगाडी जेमतेम जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे वहिनी पावडरीची खोकी घेऊन निघाल्या, समोरून दीर तेलाचे डबे घेऊन आला. कमरेत वाकून गाडी ढकलत होता. म्हातारा दिसायला लागला होता. मधोमध गाड्यांची अदलाबदल झाली.

"टंचाई आहे, पावडरीला भाव चांगला येईल," तो म्हणाला.

"छापील किमतीलाच विकायची, भाऊजी. नाहीतर उद्या गाडी येणार नाही."

"तुम्ही अजून तशाच."

"मग? बदलू की काय?"

तो पुटपुटत गेला, पण विकली छापील किमतीलाच. दुकानदारीणबाईंनी तसं कळवलं.

पूल दुरुस्त होईपर्यंत हातगाड्यांची ये-जा रोज चालली. डबे गळले, खोकी भिजली, दोघांची तीनदा भांडणं झाली. गाड्या सुरू झाल्यावर धंदा पुन्हा एकत्र करायचा विषय कुणीच काढला नाही. तेवढी अक्कल दोघांनाही होती.

त्यानंतर एका रविवारी दीर जेवायला आला. आमटीत मीठ कमी आहे म्हणाला.

"मीठवाले तुम्ही," म्हणत वहिनींनी बरणी पुढे सरकवली.