पुजलेला खड्डा

जीपचं तोंड खड्ड्यात गेलं तेव्हा माझ्या लेकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती पुढे घसरली आणि समोरच्या सीटच्या लोखंडावर आपटली. दारातून ओढ्याचं पाणी आत आलं. आधी पाय भिजले, मग गोधडी भिजली, मग पाण्याला लाल रंग आला. लेकीचे दिवस भरले होते आणि सकाळपासून तिच्या अंगावरून रक्त जात होतं. टपावरचा कर्णा मात्र कोरडा होता. तो ओरडत होता, "गावागावात विकासाची गंगा आणणारे आपले लाडके उमेदवार..."

"बंद कर की रं ते!" आशाताई ड्रायव्हरवर ओरडली.

"मशीन मागं हाय ताई. माझा पाय अडकलाय हितं."

आशाताई म्हणजे आमच्या गावात बाळंतिणींचं बघणारी आरोग्याची बाई. बौद्ध वस्तीत राहते. तिनं सकाळी लेकीला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आक्का, हे घरी व्हायचं काम न्हाय. दुपारच्या आत दवाखाना गाठला न्हाय तर दोघांतलं एकबी हाती लागायचं न्हाय."

दवाखाना नातेपुत्याला. मध्ये हा ओढा. ओढ्यावर पूल नाही. नाही कसा, एक सोडून चार आहेत. चारही पुलांच्या कोनशिला काठावर ओळीनं उभ्या आहेत. पूल तेवढे बांधायचे राहिलेत.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्यानं पुस्तकं चाळू नयेत, आमच्या ओढ्यात यावं. पहिला नेता आला तेव्हा माझी लेक नुकती शाळेत जायला लागली होती. त्यानं कुदळ मारली, नारळ फोडला आणि निवडून गेला. पाच वर्षांनी त्याला पाडणारा आला. तो म्हणाला, आधीच्यानं तुम्हाला फसवलं, पूल मी बांधणार. त्यानंही कुदळ मारली. मग मतदारसंघाचा नकाशा बदलला. वरची गावं तिकडं गेली, खालची इकडं आली, राखीव होता तो खुला झाला. आम्हाला वाटलं आता काहीतरी वेगळं होईल. वेगळं एवढंच झालं की दुसऱ्याचा पुतण्या आला. आणि चौथा कोण? तर पहिलाच. झेंडा बदलून आला आणि स्वतःच्याच पुलाचं दुसऱ्यांदा भूमिपूजन केलं. कोनशिलेवर नाव तेच, फक्त आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांना टाळ्या वाजवायला फार कारण लागत नाही.

खड्डा खणायचं काम आमच्या मालकांचं. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्यात पद्धत आहे म्हणून म्हणते. त्यांची मालकी फक्त एका कुदळीवर होती. मालक कार्यकर्ते. सतरंज्या घाला, कमान बांधा, लोक गोळा करा. नेत्याच्या हाताला घट्टे पडू नयेत म्हणून खड्डा आदल्या दिवशी आपणच खणून ठेवायचा आणि वर चार बोटं भुसभुशीत माती पसरायची. नेता तीन वेळा कुदळ लावतो, फोटो निघतो.

आता यात एक गोष्ट अशी की कुठलाही नेता दुसऱ्याच्या खड्ड्यात कुदळ मारत नाही. त्याला नवा खड्डा लागतो, आणि तो आधीच्यापेक्षा खोल लागतो. पहिला खड्डा वीतभर होता. दुसरा गुडघ्याएवढा. पुतण्याच्या वेळी मालक मांडीपर्यंत आत उतरले होते. चौथा खणून आले तेव्हा कंबरेपर्यंत मातीनं भरलेले होते आणि लग्न लावून आल्यासारखे खूश होते.

"ह्या बारीला कंबरंइतका खणलाय. पूल हुतोयच," म्हणाले.

"तेवढाच अजून खणा," मी म्हणाले, "म्हणजे मला पुरायलाबी उपयोगी पडंल."

"तुझं त्वांडच वाईट."

आणि हे खड्डे बुजवायचे नाहीत. पुजलेला खड्डा बुजवला की काम अडतं, असं म्हणतात. म्हणून चारही तसेच. बैलगाड्या, ट्रॅक्टर, शाळेत जाणाऱ्या पोरी, सगळे वळसा घालून जात होते. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्याच सुमारास निवडणूक आली. आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी चौथं भूमिपूजन उरकलं. मतदानाला आठ दिवस राहिले तेव्हा कॅनॉलचं पाणी ओढ्यात सोडलं. उन्हाळ्यात आम्ही पाणी मागायला जातो तेव्हा साहेब म्हणतात, वर धरणातच नाही. निवडणूक आली की धरणाला पाझर फुटतो. ओढा भर चैत्रात मांडीएवढा वाहायला लागला आणि गाव पुन्हा टाळ्या वाजवायला लागलं.

त्या दिवशी गावात उमेदवाराची सभा होती. गावातल्या दोन्ही जीपा माणसं आणायला वाड्यावस्त्यांवर गेलेल्या. उरली प्रचाराची गाडी. मी मालकांना कमानीखाली गाठलं. डोक्याला फेटा बांधत होते.

"गाडी द्या. आन तुमी म्होरं चला. पाण्यात खड्डा दिसत न्हाय, तुमाला म्हाईत हाय कुटं हाय ते."

"आगं नेते यायची येळ झाली. हार माज्या हातानं घालायचं ठरलंय. ड्रायव्हर देतो की."

"लेक मरंल तुमची."

"असं अभद्र बोलू नगं. तासाभरात गाडी परत धाड. सभा सुटल्यावर मान्सं सोडायची हायत."

मी आणखी बोलत बसले नाही. त्या माणसाशी बोलण्यात चाळीस वर्षं घालवली होती, त्या दिवशी वेळ नव्हता.

ड्रायव्हर बाहेरगावचा. ओढ्याच्या काठाला त्यानं गाडी थांबवली आणि मागं वळून विचारलं, "आक्का, कुटनं घालू?"

मी म्हणाले, "डावीकडनं घे. खड्डे उजव्या अंगाला हायत."

पहिले तीन उजव्या अंगालाच होते. चौथा डाव्या अंगाला होता. कारण उजवीकडे आता जागा उरली नव्हती आणि नेत्याच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून मालकांनी तो डावीकडे, मुरमाच्या भागात, चाकोरीच्या बरोबर मध्ये खणला होता. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मला नव्हतं. मी भूमिपूजनाला कधी जायची नाही. तो तमाशा बघायचा नाही म्हणून मी घरी बसायची आणि त्याचा मला अभिमान होता. पुढचे दोन महिने लेकीला सोडून त्या बाजूला गेलेही नाही. गावात एकटी मीच शहाणी, आणि मीच म्हणाले, डावीकडनं घे.

जीप नाकावर पडली ती उठेना. आशाताईनं मागचं दार लाथेनं उघडलं. आम्ही लेकीला बगलेत धरून बाहेर ओढलं. ती रडत नव्हती. "आई, हलत न्हाय," एवढंच म्हणत होती. मी तिला म्हणाले, "गप. दम राख." दुसरं काय म्हणणार.

पलीकडच्या रानात चार बाया कांदे काढत होत्या. गावातले पुरुष सगळे सभेला, म्हणून सगळं रान बायांचंच होतं. आशाताईनं हाक मारली तशा त्या हातातलं टाकून पळत आल्या. दोघींनी ड्रायव्हरचा पाय सोडवला. गोधडी पाण्यानं जड झाली होती, तरी तिच्यातच लेकीला घातलं आणि सहाजणींनी सहा ठिकाणी धरून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. मागे ओढ्यात कर्णा एकटाच आपल्या उमेदवाराला प्रचंड बहुमतानं विजयी करा म्हणून सांगत होता. तिथं ऐकायला बेडूक होते.

रस्त्यावर दुधाचा टेम्पो मिळाला. कॅनच्या मध्ये तिला निजवली. नातेपुत्याच्या डॉक्टरीणबाईंनी बघता क्षणी आत घेतलं. मी बाहेर फरशीवर बसले. आशाताई शेजारी बसली. तिच्या साडीला माझ्या लेकीचं रक्त होतं आणि तिनं तोवर घोटभर पाणीही प्यायलं नव्हतं. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. एक वाचलं, दुसरं गेल्याचं सांगितलं. अर्धा तास आधी आला असता तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. चांगली बाई.

ऊन उतरताना मालक आले. फेटा तसाच. मला म्हणाले, "गाडी कुटं हाय?"

माणूस घाबरला की तोंडातून काहीही निघतं, असं आशाताई नंतर म्हणाली. ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

"खड्ड्यात," मी म्हणाले. "तुमी खणला त्यात."

त्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. मी काय म्हणाले होते ड्रायव्हरला, ते मी त्यांना सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही. आशाताईला माहीत आहे, लेकीलाही, दोघी तिथं होत्या. दोघींनी कधी तोंडातून काढलं नाही.

तो उमेदवार निवडून आला. आमच्या गावात त्याला सगळ्यात जास्त मतं पडली.

पाणी आटल्यावर मी पहार घेऊन ओढ्यावर गेले. आशाताई आली, कांद्यातल्या चौघी आल्या. काठावरच्या चारही कोनशिला उपटल्या. काळा दगड, चांगला गुळगुळीत, वजनदार. तेवढं काम मात्र त्यांनी पक्कं केलं होतं. आधी खड्ड्यांत गोटे भरले, वर मुरूम टाकला आणि एकेका खड्ड्यावर एकेक शिळा आडवी बसवली. अक्षरं वर ठेवली. मालक काठावर उभे होते.

"पुजलेला खड्डा हाय. काम अडंल," म्हणाले. आवाजात काही दम नव्हता.

"अडू द्या," आशाताई म्हणाली. "आमची मान्सं तरी अडायची न्हाईत."

पुढच्या निवडणुकीला पांढऱ्या कपड्यांतली दोन पोरं विचारत आली.

"आज्जी, हितल्या कोनशिला कुटं गेल्या?"

"पुलाला लागल्या."

"कुटल्या पुलाला?"

"ते तुमच्या सायबाला इचारा. चार येळा बांधलाय म्हनं तो."

पोरं फोन करून कुणाशी तरी बोलली आणि निघून गेली. मालकांना नवा खड्डा खणायला सांगितलं होतं. ते कुदळ घेऊन अंगणापर्यंत गेले, उंबऱ्यात मला बघितलं आणि कुदळ परत ठेवली. खड्डा दुसऱ्यानं खणला. खणणारे कमी नाहीत. पूजा झाल्यावर त्यातला नारळ कुणी उचलायच्या आत मी तो बुजवला.

आता ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, शाळेची गाडी त्या शिळांवरून जातात. पहिल्या दोन नावांची अक्षरं झिजली. तिसऱ्याचं आडनाव अजून वाचता येतं. वाहतं पाणी असलं की आम्ही पायांनी चाचपून शिळा शोधतो आणि मगच गाडी घालू देतो. पूल नाही.

त्या दिवशी जीपमध्ये आम्ही चौघं होतो आणि एक पोटात. ड्रायव्हर जगला. आशाताई जगली. मी जगले. लेक जगली. मुलगा होता, तो जगला नाही.