बाल्कनीची खोली

क्रूझवर चढल्यावर पहिल्यांदा काय केलंत, असं आमच्या गल्लीतल्या बायका मला अजून विचारतात. त्यांना वाटतं, मी सांगेन की जेवलो, नाहीतर फोटो काढले. आमच्याबरोबरच्या बाकीच्यांनी तेच केलं. मी मात्र जहाजात पाऊल ठेवल्या ठेवल्या भांडले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

ही सहल मुळात माझ्या नवऱ्याची. ते एसटीत ड्रायव्हर होते. इंजिनाच्या धगीशी बसून, जळगाव ते सुरत, जळगाव ते धुळे, असं त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर त्यांना एवढंच हवं होतं की गाडी आता दुसऱ्या कोणी चालवावी आणि आपण नुसतं बाहेर बघत बसावं. धुळ्याच्या एका टूरवाल्याने मुंबई-गोवा जहाजाची सहल काढली, तसे हे जाऊन आमच्या दोघांचं बुकिंग करून आले. तेही बाल्कनीच्या खोलीचं. मी म्हटलं, दोन रात्रींसाठी बाल्कनी कशाला? ते म्हणाले, "खिडकी नसलेल्या डब्यात मी बसणार नाही."

पावसाळा सरता सरता ते गेले. झोपेतच गेले. सहल हिवाळ्यात होती.

दिवस-कार्य उरकल्यावर माझे दीर नशिराबादहून आले. बुकिंग रद्द करायला धुळ्याला कधी जायचं, एवढंच ते विचारत होते. रद्द करायचं हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, मी जाणार आहे. त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, वर्ष व्हायचंय अजून वहिनी, लोक तोंडात शेण घालतील. जाऊबाई चहाचे कप हातात धरून खाली बघत राहिल्या. मी सांगितलं की वर्ष झाल्यावर जहाज माझ्यासाठी थांबणार नाही, आणि लोकांचं मी बघून घेईन.

नवऱ्याच्या जागी मी अक्काला नेलं. अक्का माझी थोरली बहीण. नरडाण्याजवळच्या खेड्यात तिची कोरडवाहू कपाशीची शेती आहे. ऐन तिशीत तिचा नवरा गेला. तेव्हापासून लग्नघरात हळद सुरू झाली की ती आपण होऊन मागच्या दारी जाऊन बसते. कोणी सांगावंही लागत नाही. मला वाटलं होतं, तिची समजूत काढायला वेळ लागेल. फोनवर मी विचारलं आणि ती लगेच तिच्या अहिराणीत म्हणाली, "येसू," म्हणजे येते. नंतर एवढंच विचारलं की चप्पल कोणती घालू.

निघायच्या दिवशी मी निळी साडी नेसले आणि टिकली लावली. अक्काने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि आपली पिशवी उचलली.

मुंबईत बंदरावर तपासणी झाली, मोठ्या बॅगा त्यांनी आधीच काढून घेतल्या. आमच्या सगळ्यांची कागदपत्रं टूरवाल्याकडेच होती. त्याने रांगेतच प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं. कार्डाच्या पाकिटावर खोलीचा नंबर होता आणि तेच कार्ड म्हणजे दाराची किल्ली. आत शिरल्यावर तो ओरडून सांगत होता की आधी सगळे जेवायला चला, नंतर गर्दी होते. मी अक्काला म्हटलं, आधी खोली बघू.

खोली खालच्या मजल्यावर निघाली, लांबलचक बोळाच्या टोकाला. पलंग छान होते, आरसा होता, पलीकडच्या बाजूला जाड पडदा होता. अक्काने जाऊन तो पडदा सारला. पडद्यामागे भिंत होती. तिने भिंतीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. बाल्कनी म्हणतात ती हीच का, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

टूरवाला वर जेवणाच्या हॉलमध्ये भेटला. हातात ताट होतं. मी विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. जामनेरच्या त्याच्या मेहुण्याचं नुकतंच लग्न झालं होतं, ते जोडपं आयत्या वेळी आलं, म्हणून आमची खोली त्याने त्यांना दिली होती. बाल्कनीत वारा लागतो, अक्कांना सोसणार नाही, असंही म्हणाला. आणि मग अगदी समजावणीच्या सुरात बोलला, "काकू, तुम्हाला आता काय करायची बाल्कनी?"

त्या 'आता'चा अर्थ मला कळला. अक्कालाही कळला. तो शब्द तिने किती वर्षं ऐकला असेल.

"ती खोली माझ्या नवऱ्याने घेतली आहे," मी म्हटलं. "मला हवी आहे."

तो हसला, बघू संध्याकाळी म्हणाला. मी संध्याकाळची वाट पाहिली नाही. अक्काला घेऊन खाली रिसेप्शनला गेले. तिथली मुलगी हिंदीत फार गोड बोलत होती, पण तिचं म्हणणं एकच, ग्रुपच्या खोल्या एजंट सांगेल तशाच बदलतात. मी पर्समधून यांना मिळालेली मूळ बुकिंगची पावती काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, मग एजंटला इथे बोलवा. तो येईपर्यंत आमच्या ग्रुपमधले काही जण जेवून खाली आले होते. दोघी-तिघी बायका मला बाजूला घेऊन सांगायला लागल्या की जाऊ द्या ना, फिरायला आलोय, कशाला वाद. टूरवाला आला तो चिडलेलाच. चारचौघांत आपल्या गावाचं नाव खराब होतं, असं म्हणाला.

तेव्हा अक्का लॉबीतल्या सोफ्यावर जाऊन बसली. पाय वर घेतले, पिशवी मांडीवर ठेवली आणि शांतपणे त्याला म्हणाली, "आम्हनी खोली आम्हले दे, भाऊ. मी आठेच बससू."

तो मला म्हणाला, यांना उठवा. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

थोड्या वेळाने भोंगा वाजला. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, संकट आलं तर कुठे जायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. टूरवाल्याला बरंच झालं, म्हणाला, आता तरी उठा. ते गरजेचं होतं, आम्ही उठलो. सगळ्यांबरोबर ओळीत उभ्या राहिलो, जॅकेटचे पट्टे कसे ओढायचे ते अक्काने माझ्यापेक्षा नीट बघितलं. ते संपलं, लोक डेककडे पळाले आणि आम्ही परत त्याच सोफ्यावर येऊन बसलो.

शेवटी पांढऱ्या शर्टातला एक मोठा अधिकारी आला. त्याने कागद वाचले आणि टूरवाल्याला विचारलं की खोली बदलताना या बाईंना विचारलं होतं का. टूरवाला म्हणाला, घरचीच माणसं आहेत. अधिकाऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. टूरवाल्याने नकारार्थी मान हलवली. रिसेप्शनच्या मुलीने आम्हाला नवी कार्डं करून दिली.

वर गेलो तर ते जोडपं बॅग भरत होतं. मुलीच्या हातावर मेंदी होती. "आम्हाला माहीत नव्हतं, काकू," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिचा नवरा दुसरीकडे बघत होता. राहू दे, राहा तुम्हीच, हे शब्द माझ्या तोंडाशी आले. आयुष्यभर ते असेच येत आलेत. या वेळी मी गिळले. दार लागलं तेव्हा मला वाईट वाटत होतं, तरी मी दार उघडून त्यांना परत बोलावलं नाही.

बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या. जहाज बंदरातून बाहेर पडत होतं, इमारती मागे मागे जात होत्या. अक्काने समुद्र आधी पाहिला नव्हता. कठडा दोन्ही हातांनी धरून ती बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "हाई बठ्ठं पानीच शे का वं?" मी म्हटलं, हो, सगळं पाणीच. वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. तिने तो परत वर घेतला नाही. वारा तिला चांगला सोसत होता. मला मात्र रडू आलं. हे असते तर खुर्चीवर टेकून बसले असते आणि जहाज चालवणाऱ्याच्या चुका काढल्या असत्या. अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून समुद्राकडेच बघत होती.

मोबाइलला रेंज होती तोवर मी आम्हा दोघींचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच दिरांचा फोन आला.

"वहिनी, फोटोत टिकली दिसतेय."

"दिसू द्या, भाऊजी."

"नातेवाईक बघतील."

"बघू द्या. म्हणूनच टाकलाय."

फोन त्यांनी ठेवला की रेंज गेली, कोणास ठाऊक.

दोन दिवस टूरवाला आमच्याशी बोलला नाही. आमचं काही अडलं नाही. जेवणाच्या हॉलमध्ये ती मेंदीवाली मुलगी मात्र आपण होऊन आमच्या टेबलावर येऊन बसायची. अक्काने घरून आणलेले केळीचे वेफर दोघी मिळून खायच्या, आणि त्या मुलीने अक्काला दोन्ही दिवस सकाळी पोहण्याच्या तलावाशी नेऊन पाण्यात पाय सोडून बसवलं. मुंबईला उतरताना टूरवाला म्हणाला, राग धरू नका काकू. मी म्हटलं, राग नाही, पण पुढच्या वेळी बाईमाणसाला विचारत जा.

वर्षश्राद्धाला दीर-जाऊ आले. जेवणं होईपर्यंत दिरांनी सहलीचा विषय काढला नाही. बाहेर पुरुष आडवे झाले तेव्हा जाऊबाई माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "तिथे बाल्कनीत बसलं की खाली पाणी दिसतं का हो?"

मी हातातली भांडी बाजूला ठेवली आणि त्यांना खाली बसवून सगळं सांगायला लागले.