अठ्ठेचाळीस इंचांची भेग

सख्खी भाची मी एकटीच, पण अख्खं गाव त्याला टेपमामा म्हणायचं. मामा धंद्याने शिंपी आणि वर तीनदा निवडून आलेला नगरसेवक. दुकानातून थेट सभेला जायचा, त्यामुळे गळ्यातला टेप काढायचा राहून जायचा. पुढे लोकांनाच त्या टेपची इतकी सवय झाली की टेप नसता तर त्यांनी त्याला ओळखलं नसतं.

कुठलीही पट्टी वाढवायची म्हटली की मामा उभा राहायचा. घरपट्टी असो, पाणीपट्टी असो, त्याचं एकच म्हणणं, "आधी खर्च कमी करा, मग माझ्या माणसांच्या खिशात हात घाला." प्रत्येक भाषणात 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे ठरलेलं. विरोधक म्हणायचे, टेपमामाचं अंथरूण म्हणजे हातरुमाल! पण मतं त्यालाच पडायची. कारण अध्यक्षांच्या दालनाला संगमरवर लागणार होता तो त्याने लागू दिला नाही, चौकातलं कारंजं अडवलं, आणि वीस फुटी म्हणून बिल झालेला रस्ता स्वतः वाकून मोजून सतरा फुटी निघाल्याचं भर सभेत सिद्ध केलं. तेव्हापासून तो टेप घेऊन येताना दिसला की ठेकेदारांची पाचावर धारण बसायची.

लोकांना तो कंजूष वाटायचा. मी त्याच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर बसायचे, म्हणून मला माहीत होतं की तो घाबरट होता. मामा नऊ वर्षांचा असताना घरपट्टी थकली म्हणून दोन माणसं आली आणि आजीचं शिलाई मशीन उचलून घेऊन गेली. सुईखाली अर्धी शिवलेली बाही होती, तीही गेली. ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज चढायचा नाही. तो सारखा दाराकडे बघायचा. पट्टी वाढवायची म्हटलं की त्याला आकडे दिसत नसत, ती दोन माणसं दिसत.

त्या भीतीपोटी त्याने बरंच काही कापलं, आणि कापताना त्याचा हात नेहमी योग्य जागीच पडला असं मी म्हणणार नाही. गावात पाण्याच्या दोन टाक्या आणि पाणी सोडणारे-बंद करणारे दोन चावीवाले होते. मामा म्हणाला, "चावी फिरवायला एक हात लागतो, माणसं दोन कशाला?" सभागृह हसलं, एक चावीवाला घरी गेला. घरी हा किस्सा ऐकून मीही हसले होते.

मग टाकीच्या खांबाचं प्रकरण आलं. जुनी टाकी शाळेच्या आवारालगत होती, चार खांबांवर उभी. पुढच्या फाटकातून आत जायचं तर तिच्या सावलीतूनच जावं लागे. तिच्या एका खांबाला उभी भेग पडली. पाणीखात्याचे साहेब म्हणाले, आतल्या सळ्या गंजताहेत, टाकी नवी बांधावी लागेल आणि त्यासाठी पाणीपट्टी वाढवावी लागेल. मामा टेप घेऊन गेला. भेग भरली अठ्ठेचाळीस इंच. साहेबांचं मापही अठ्ठेचाळीस. मामाने विचारलं, "भेग वाढतेय का थांबलीय?" साहेब म्हणाले, "ते पुढच्या वर्षी कळेल. वाढली तर जिवंत, नाहीतर मेलेली."

पुढच्या वर्षी साहेबांनी सांगितलं एकोणपन्नास. मामाने शंभर लोकांसमोर मोजली आणि टेप उंचावून दाखवला. अठ्ठेचाळीस! त्याच्या पुढच्या वर्षी साहेब म्हणाले पन्नास आणि मामाच्या टेपवर पुन्हा अठ्ठेचाळीसच भरले. "साहेबांचा टेप ठेकेदाराच्या खिशातून येतो," मामा म्हणाला. "मेलेल्या भेगेचं बाळंतपण करायला माझ्याकडे पैसे नाहीत." टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब मान खाली घालून फाईल बांधत राहिले. त्यांचा तो चेहरा मला नंतर पुष्कळदा आठवला.

ही शेवटची मोजणी झाली आणि महिन्याभराने अंदाजपत्रकाची सभा ठरली. सभेच्या आदल्या दिवशी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास, एक बाई तावातावाने दुकानात आल्या. मुलीच्या गणवेशाचा परकर त्यांनी माझ्यापुढे आपटला.

"हे काय शिवलंय? पोरगी पायात येऊन पडते!"

"वाढत्या अंगाचा ठेवलाय, ताई," मी म्हटलं.

"वाढत्या अंगाचा ठेवायला मी सांगितलं होतं एक इंच. हा दोन इंच आहे. अंग वाढतं, पोरगी काय ताडाचं झाड आहे?"

सकाळपासूनची ही चौथी तक्रार होती. मामा दरवर्षी शाळेत जाऊन एकेका मुलाचं माप स्वतः घ्यायचा. यंदा सभेच्या गडबडीत त्याला वेळ नव्हता, म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी मापं घेऊन कागदावर पाठवली होती. दोनशे अकरा मुलं. त्या मापांवरून आम्ही कापड बेतलं आणि सगळेच कपडे मोठे निघाले.

"बाईंनी मापं चुकीची घेतली," मामा मशीनवरून मान न उचलता म्हणाला.

"दोनशे अकराची?" मी म्हटलं.

शेजारच्या बटणांच्या दुकानातून मी एक कोरा टेप मागून आणला. मामाचा टेप टेबलावर पसरला, त्याला लागून नवा ठेवला. एकची रेघ एकला लागली. दहाच्या पुढे रेघा हलायला लागल्या. जुन्या टेपवरचा साठ जिथे होता तिथे नव्यावर साडेबासष्ट होते.

टेप लांबला कसा, हे विचारायची गरजच नव्हती. तीन वर्षांपूर्वी कपड्यांचं गाठोडं बांधायची दोरी तुटली होती. नवी दोरी विकत घेईल तर तो मामा कसला! तेव्हापासून तो गाठोडं टेपनेच आवळून, पाठीवर टाकून घरी न्यायचा. रोज, जाता-येता. मी म्हटलंही होतं, मामा, टेप आहे तो, दोरखंड नाही. तो म्हणाला होता, एका वस्तूची दोन कामं झाली तर बिघडलं कुठे? माणसांची मापं त्याच टेपने घ्यायची आणि कापडही त्यानेच बेतायचं, म्हणून तीन वर्षं कुणाला कळलं नाही.

मामाने चष्मा काढला. परत घातला.

"अठ्ठेचाळीस म्हणजे किती गं?" त्याने विचारलं.

मी नव्या टेपवर बोट ठेवलं. माझं बोट पन्नासावर होतं.

साहेबांनी बरोबर पन्नासच सांगितले होते. मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. तीनला पाच कमी. टाकी दोन ते पाच भरायची आणि शाळा पाचला सुटायची.

चावीवाल्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या टाकीच्या पंपाशी होता आणि त्या आवाजात त्याला फोन कुठला ऐकू येणार? या टाकीचा चावीवाला असता तर पळत दोन मिनिटांवर असता. मामा तेच मनात म्हणत असणार. आम्ही धावत सुटलो. साठीचा माणूस, एक चप्पल वाटेत गेली तरी थांबला नाही.

टाकीपाशी मात्र तो थबकला. वर पाणी पडल्याचा आवाज येत होता. लहानपणापासून मी तो आवाज ऐकला होता, पण त्या दिवशी तो अंगावर आला. "मामा, जाऊ नकोस," मी म्हटलं. तो गेला. खांबाला अंग लावून त्याने नवा टेप भेगेवर धरला. खालचं टोक मी धरलं. सव्वापन्नास. महिन्याभरात पाव इंच. भेग जिवंत होती, आणि आम्ही दोघं टाकीखाली बसलो होतो.

मोठ्या बाई म्हणाल्या, मुलं मध्येच सोडायची तर वरून लेखी आदेश लागतो.

"आदेश मी नंतर आणतो, बाई!" मामा असा ओरडला की वर्गातली पाढ्यांची ओरड थांबली. "मागच्या फाटकाने काढा. पुढून एकही नको. पाया पडतो तुमच्या."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि घंटा दिली. मुलं रांगेने निघाली, मग रांग मोडून पळायला लागली. पण त्यांना पळता येत नव्हतं. आम्ही शिवलेले कपडे होते ना! कुणी एका हाताने चड्डी सावरतंय, कुणी परकर गुडघ्यापर्यंत वर धरलाय, एक चिमुरडी परकरात पाय अडकून तीनदा पडली. तिसऱ्यांदा मामाने तिला उचललं आणि कडेवर घेऊन मैदानापलीकडे पळाला. परत आला, दुसरीला उचललं. प्रत्येक पोराला तो कमरेच्या मापाने ओळखायचा. "बावीस आली? तो एकवीसवाला, दात पडलेला, तो कुठाय?" असं विचारत होता. बाकीच्यांना वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला.

निरोप पोचल्यावर चावीवाला अर्ध्या तासाने सायकल मारत आला. त्याने आधी पंप बंद केला, मग टाकीच्या तळाची चावी सोडली. जो माणूस गळक्या नळाखाली बादली लावायचा, तो गावाचं दोन दिवसांचं पाणी रस्त्यावरून वाहताना बघत उभा राहिला आणि "अजून सोड, सगळं सोड" म्हणत राहिला. टाकी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत मामाने दोन्ही टेप अध्यक्षांच्या टेबलावर पसरले.

"साहेबांचं माप खरं होतं," तो म्हणाला. "माझा टेप लांबला होता. दोन वर्षं मी तुम्हाला खोटं माप दाखवलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब, मी तुम्हाला चोर म्हणालो. माफ करा."

मग पाणीपट्टी वाढवण्याच्या बाजूने त्याचा हात पहिल्यांदा वर गेला. हात वर ठेवूनच तो म्हणाला, "दुसरा चावीवाला परत घ्या. आणि अध्यक्षांच्या नव्या खुर्च्या मात्र रद्द करा. जुन्यांना काय धाड भरलीय?" मरेपर्यंत त्याने वायफळ खर्चाला हो म्हटलं नाही. पण पुढची निवडणूक तो पडला. लोक म्हणाले, टेपमामा विकला गेला. ज्यांची मुलं त्या शाळेत होती त्यांतलेही काही म्हणाले, टाकी काही पडली नव्हती ना?

नवी टाकी झाल्यावर जुनी पाडली, तेव्हा साहेब आतल्या सळीचा तुकडा घेऊन दुकानात आले. अंगठ्याएवढी सळी गंजून काडीएवढी उरली होती. मामाने विचारलं, "किती दिवस होते?"

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "दहा वर्षंही उभी राहिली असती. त्या संध्याकाळीही गेली असती."

त्या उत्तराने मामाचं उरलेलं आयुष्य खाल्लं. मशीन चालवता चालवता तो मध्येच थांबायचा आणि पाढे ऐकू येतात का ते बघायचा.

पण मला आठवतो तो सभेनंतरचा आठवडा. त्याने सगळ्या मुलांचे गणवेश परत मागवले. उसवायचे, आत घ्यायचे, पुन्हा शिवायचे, पैसे नाहीत. मी मदतीला गेले तर म्हणाला, "तू फक्त माप. माझ्या मापावर विश्वास ठेवू नकोस." मी मापत गेले, तो शिवत गेला आणि प्रत्येक कपडा झाला की मोठ्याने आकडा म्हणत गेला. सातव्या दिवशी संध्याकाळी त्याने शेवटच्या परकराचा दोरा तोडला. त्या तीनदा पडलेल्या चिमुरडीचा होता तो.

"दोनशे अकरा," तो म्हणाला. "सगळी आहेत गं. एकही कमी नाही."

आणि मशीनवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.